माईंचं माप

उत्तरा प्रधान देखणी आहे, हे कल्याणात कुणीच कधी नाकारलं नाही. पण देखणेपणाचा कप जिंकून आली, तेव्हा अख्ख्या आळीच्या पोटात दुखायला लागलं. अहो, रीतच आहे ती! शेजारणीचं रूप आडून बघायला चालतं, स्टेजवर नको.

ती मूळची ठाण्याची, मासुंदा तळ्यापाशी वाढलेली मास्तरांची मुलगी. एक्कावन्न साली लग्न होऊन कल्याणला आली. नवरा प्रभाकर मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात कारकून. लग्नाला सहा महिने होताहेत तोच सासरे गेले आणि वर्षभर घरात सण बंद. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी नेसवून हलव्याच्या दागिन्यांनी मढवतात, ते उत्तराचं राहूनच गेलं. आणि गंमत बघा, आळीतल्या सगळ्या सुनांना नि बाळांना ते दागिने करून द्यायच्या त्या तिच्याच सासूबाई, माई. त्यांचं माप कधी चुकलं नाही.

त्रेपन्नच्या डिसेंबरात ठाण्याच्या एका महिला क्लबानं सौंदर्यस्पर्धा ठेवली. माहेरच्या मैत्रिणीनं, वासंतीनं, उत्तराचं नाव परस्पर घातलं. प्रभाकर म्हणाला, "जा की!" माई उठून चुलीकडे गेल्या.

ऐन स्पर्धेत वासंतीच्या मांडीवर दहा महिन्यांच्या शुभदानं भोकाड पसरलं. उत्तरा तडक खाली उतरली, लेकीला कडेवर घेतलं आणि तशीच ताठ मानेनं स्टेजवर फेरी मारून आली. टाळ्या थांबेनात. पहिला नंबर! चांदीच्या रंगाचा कप आणि पुठ्ठ्याचा चमचमता मुकुट घेऊन बाई घरी आली.

माईंनी मुकुट हातात घेतला, आत वीत घालून पाहिला आणि फडताळात ठेवून दिला. त्या दिवसापासून बोलणं कामापुरतं. "मीठ दे." "पोरीला घे." उत्तराला दुसरं काही नको होतं, माईंच्या तोंडचा एक शब्द हवा होता. शेवटी ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "माई, रागवा तरी हो!" माई शेगडीपुढे बसून परातीतल्या तिळांवर पाक शिंपडत राहिल्या. हलव्याला काटा यायला हवा, तर बोटं भाजून घ्यावीच लागतात.

संक्रांतीनंतर शुभदाचं बोरनहाण ठरलं. आळीतल्या बायका आल्या, पोरं बोरं लुटायला टपून बसली. विधवा म्हणून माई अशा वेळी आतल्या खोलीतच बसत. शेजारच्या शेवंतीकाकूंना राहवलं नाही. "काय गं उत्तरे, आता लेकीलाही स्टेजवर उभी करणार का?" बायका फिसकन हसल्या. उत्तराचा चेहरा पडला.

तोच माई ताट घेऊन बाहेर आल्या. ताटात पांढराशुभ्र, काटेरी हलव्याचा मुकुट होता.

शेवंतीकाकू पुटपुटल्या, "माई, माप चुकलं वाटतं. एवढा मोठा! पोरीच्या तर गळ्यात उतरेल."

"माझं माप चुकत नाही, शेवंते," माई म्हणाल्या. "पोरीचा केलाय निराळा. हा माझ्या सुनेचा आहे. दोन वर्षं राहून गेला होता. परक्या गावानं हिला मान दिला आणि घरच्यांनी काय तोंड वाकडं करून बसायचं? मला अभिमान आहे हिचा, ऐकलंत?"

आणि सगळ्या सवाष्णींदेखत त्या विधवा बाईनं मुकुट उत्तराच्या डोक्यावर ठेवला. अगदी बेताचा बसला.

उत्तराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ती पाया पडायला वाकणार, तोच माईंनी भाजलेल्या बोटांनी तिची हनुवटी वर उचलली.

"वाकू नकोस गं बाई," त्या म्हणाल्या, "पडेल तो. स्टेजवर चाललीस ना, तश्शी मान ताठ ठेव."