गळ्यात डबी असताना

आमच्या ह्यांना जीभ देताना देव बहुतेक माप विसरला. त्यातून धंदा न्हाव्याचा. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की त्याची मान ह्यांच्या हातात आणि गळ्यावर वस्तरा, मग बिचारं ऐकेल नाहीतर काय करेल? कुणाच्या मुलीचं कुठे जमतंय, कुणाचं पोट कशाने बिघडलं, सगळं तिखटमीठ लावून. घरी आल्यावर उरलेलं मला.

म्हणून फादरांनी जेव्हा ठरवलं की आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद न्यायचं काम ह्यांना द्यायचं, तेव्हा मी तोंडावर सांगितलं, "फादर, हे वाटेत इतक्या ठिकाणी गप्पा मारतील, की तोवर आजारी माणूस बरा होऊन स्वतःच चर्चमध्ये येईल."

फादर हसले. काम ह्यांनाच दिलं.

ज्यांना आमच्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ख्रिस्तप्रसाद म्हणजे गव्हाचं पीठ आणि पाणी, बस, एवढ्याचीच पातळ चकती. मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या चर्चमधल्या उपासनेत, फादर तिच्यावर प्रभूचे शेवटच्या भोजनातले शब्द उच्चारतात आणि त्यानंतर ती भाकर राहत नाही. दिसते भाकरीसारखी, चव भाकरीची, पण तो स्वतः प्रभू असतो. खूण म्हणून नाही, आठवण म्हणून नाही, खराखुरा. लहानपणापासून हे ऐकत आले होते, मानतही होते, जसं आपण मानतो तसं. पण पहिल्या रविवारी ह्यांनी ख्रिस्तप्रसादाची सोनेरी डबी छोट्या पिशवीत घालून गळ्यात अडकवली, वर सदऱ्याची बटणं लावली आणि माझ्या शेजारून चालू लागले, तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ज्याने सूर्यचंद्र केले तो माझ्या नवऱ्याच्या सदऱ्याच्या आत होता. तो सदरा मीच आदल्या दिवशी इस्त्री केला होता, आणि कॉलर जरा विरलेली होती.

आणि हे गप्प. डबी गळ्यात असताना वाटेत थांबायचं नाही, गावगप्पा करायच्या नाहीत, सरळ आजाऱ्याच्या दाराशी. एरवी रस्त्यातल्या कुत्र्याचीही विचारपूस करणारा हा माणूस खाली मान घालून चालायचा. सुरुवातीला लोक चिडवायचे. मग हळूहळू तेही बाजूला होऊन वाट द्यायला लागले. काहीजण कपाळ, छाती, खांद्यांना हात लावून क्रूसाची खूण करायचे. मी मेणबत्ती आणि पांढरा रुमाल घेऊन मागून जायची.

एकच घर हे टाळायचे, सख्ख्या थोरल्या भावाचं. आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो. सासूबाई गेल्या तेव्हा दादा कामासाठी परगावी होते. सासूबाईंनी दवाखान्यात जायला साफ नकार दिला होता, मरण आलं तर माझ्या खाटेवर येऊ दे म्हणाल्या, आणि ह्यांनी आईचं ऐकलं. दादा पोचले ते दफनाला. तिथेच सगळ्यांसमोर म्हणाले, "तू मारलंस तिला." त्या दिवसापासून दादांनी भावाशी बोलणं टाकलं आणि चर्चची पायरीही.

आता जाऊबाईंचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले. फादर जाऊन आले, त्यांचं पापनिवेदन ऐकलं, पवित्र तेल लावलं. पण त्यांच्या पोटात काही ठरत नव्हतं, म्हणून ख्रिस्तप्रसाद राहिला. रविवारी मिस्सा संपल्यावर त्यांची शेजारीण धावत आली. "आज पाणी पोटात राहतंय. प्रभूला घेऊन या म्हणतायत. लवकर." फादर दुसऱ्या गावच्या मिस्साला निघून गेलेले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, डबी गळ्यात घातली आणि निघाले.

दार दादांनी उघडलं. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. दोन्ही हात चौकटीला लावून उभे राहिले.

"तू होय? फादर कुठेत?"

ह्यांनी एक पाऊल पुढे टाकलं.

"बोल की. दुकानात जगाला शहाणपण शिकवतोस, आज दातखीळ बसली? तुझ्या हातून माझ्या घरात काही नको."

आतून जाऊबाईंच्या धापेचा आवाज येत होता. मला असा संताप आला म्हणता, दादांचा मान बाजूला ठेवून चांगलं खडसावणार होते. ह्यांनी नुसत्या नजरेने मला थांबवलं. मग छातीवर, डबीवर हात ठेवला, आणि आजाऱ्याच्या घरी शिरताना जे म्हणायचं असतं तेच दादांच्या डोळ्यांत बघून म्हणाले. या घराला शांती असो, आणि इथे राहणाऱ्या सगळ्यांना.

दादांची नजर त्या हातावर गेली. पोरवयात ते वेदीवर सेवा करायचे, घंटा वाजवायचे. बघता बघता त्यांचा उजवा गुडघा वाकला आणि उंबऱ्याला टेकला. भावापुढे ते मेले तरी वाकले नसते. कुणापुढे वाकले ते त्यांना कळलं, मलाही कळलं. ते उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. दार मोकळं झालं.

स्टुलावर रुमाल अंथरला, मेणबत्ती लावली. ह्यांनी प्रार्थना म्हटल्या, जाऊबाईंचे ओठ हलत होते. ख्रिस्तप्रसाद वर धरल्यावर तो घेणाऱ्याने एक वाक्य म्हणायचं असतं, की प्रभू, तू माझ्या घरी यावंस एवढी माझी लायकी नाही. जाऊबाईंनी सुरुवात केली आणि त्यांचा श्वास तुटला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तुटला. हे तसेच हात वर धरून थांबले.

दारातून दादांचा आवाज आला. त्यांनी ते वाक्य पहिल्यापासून म्हटलं. 'माझ्या घरी' म्हणताना आवाज चिरकला, पण पुढचंही सोडलं नाही, की तू नुसता शब्द दे, मी बरा होईन. जाऊबाईंनी डोळ्यांनीच होकार दिला.

ह्यांनी इवलासा तुकडा मोडून त्यांच्या जिभेवर ठेवला, वर चमचाभर पाणी. त्यांनी गिळलं. त्यांची धाप काही थांबली नाही, पण चेहरा असा निवला, की मी बघतच राहिले.

बऱ्याच वेळाने दादा पलंगापाशी आले. बायकोचे ओठ पुसले. वर न बघताच त्यांनी विचारलं, "आईनेही असंच घेतलं होतं?"

"हो दादा. फादरांनी दिलं. पाणी मी पाजलं."

दादांनी जाऊबाईंच्या निवलेल्या चेहऱ्याकडे बघितलं.

"मग तिला घरीच राहू दिलंस ते बरं केलंस," ते म्हणाले.