एक मंगलाष्टक मागे

माझं शुद्धलेखन चुकणार, आणि अक्षर म्हणजे अंगणात कोंबडी फिरून गेल्यासारखं. तेवढं पोटात घालावं. पण माझ्या जावेच्या भावाएवढा वेळेच्या मागे लागलेला, आणि स्वतः कुठेच वेळेवर न पोचणारा माणूस पेडण्यापासून डिचोलीपर्यंत दुसरा सापडणार नाही, हे मी खात्रीने लिहिते.

तो मूळ पेडण्याचा, पण आमच्या मुळगावच्या घरी मागच्या खोलीत राहतो. सकाळी वाढलेली पेज दुपारी जेवतो आणि वर विचारतो, "थंड कशी?" इंटरनेटवर चालू कार्यक्रम दाखवणारं कसलं तरी सॉफ्टवेअर आहे. ते कुणाच्याच मालकीचं नाही. कुणीही वापरावं, कुणीही दुरुस्त करावं. त्यात चित्र आणि आवाज यांची चुकामूक होते, ती हा जुळवत बसतो. जाऊ वैतागते.

"तुका पगार कोण देता?"

"कोण नाय."

"मगे?"

"रस्त्यार खड्डो दिसलो, बुजयलंय."

तळीपलीकडे कुणी कपडे आपटायला लागलं की हा चहाचा कप घेऊन कुंपणापाशी उभा. "ताय, बघ! हात आधी आपटता, आवाज मागसून येता!" एकदा पलीकडच्या बाईने धोंडा उचलला, तेव्हा जावेने त्याला दंडाला धरून आत ओढला.

आमचे हे बोटीवर नोकरीला. गेल्या जत्रेचा दशावतार त्यांनी तिथून फोनवर पाहिला, तर राजाने गर्जना करायची आणि तोंड हलायचं पेटीवाल्याचं! तेव्हा सगळे हसलो. पण मुलीचं लग्न ठरलं, यांना रजा मिळाली नाही, आणि हे एवढंच म्हणाले, "मला सावधान ऐकून अक्षता टाकायच्या आहेत." मग मला हसू येईना. मी भीत भीत त्याच्या खोलीच्या दारात गेले.

त्या दिवसापासून त्याने दाढी करणंही सोडलं. आवाज आणि ओठ एकत्र आणले. उशीर मात्र हटेना. "ताय, बोटीवरचा नेट अशक्त. घाई केल्यार चित्र तुटतला. उशिरान दिसांदे, पण सगळा दिसांदे." किती उशीर, विचारलं, तर म्हणाला, "एक मंगलाष्टक."

लग्नात माझा भाऊ फोन कानाला लावून तयार होता, सावधान झालं की यांना "टाका!" म्हणून ओरडायला. जावेच्या भावाने तो फोनच काढून घेतला. "मामा, त्येंका आपल्या डोळ्यांनी बघांदेत."

शेवटचं सावधान झालं, अंतरपाट सरला, वाजंत्री वाजली, हार घातले गेले. माणसं पंगतीकडे वळली. लेक आणि जावईही निघाले, तेव्हा हा आडवा झाला. "रवा गो. बापूस अजून मागे आसा."

दोघं मान खाली घालून उभी राहिली. मीही उभी राहिले. त्याच्या लॅपटॉपवर हे दिसत होते, गणवेशात, मूठ घट्ट मिटून. मग यांचे ओठ हलले आणि मूठ उघडली.

अक्षता इथे कुठल्या पडायला. तरी लेकीने डोक्यावरचा पदर नीट केला.