न विचारणारे चाचा

साऱ्या सोलापुरात, किंबहुना साऱ्या दख्खनमध्ये, उभ्या जन्मात कुणाला एकही खाजगी प्रश्न न विचारलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे आमचे छापखान्यातले चाचा. आमच्याकडे एस.टी.त शेजारी बसलेला अनोळखी माणूससुद्धा कंडक्टरनं तिकीट फाडायच्या आत तुमची जात, पगार, वय आणि लग्न का जमत नाही याचं कारण काढून घेतो. सात रस्त्याच्या अलीकडच्या बोळात चाचांचा छापखाना होता, आणि तेवढ्या एका खोलीत माणसाला आपलं आयुष्य स्वतःजवळ ठेवता येत असे. ते दुष्काळाचे, महागाईचे, मोर्चांचे दिवस. गिरणीतल्या वडिलांनी मला बाराखडीच पत्रकांवरून शिकवलेली, त्यामुळे आमच्या महागाईविरोधी समितीची पत्रकं छापून आणायचं काम माझ्याकडे असायचं. एकदा मी लाटणं घेऊन मोर्चात गेले आणि कपाळावर भलीमोठी खोक घेऊन छापखान्यात शिरले. चाचांनी खोक पाहिली, नजर खाली घेतली आणि म्हणाले, "बेटा, आज चहात साखर जास्त टाकायला सांगतो." बस्स. विषय संपला.

ही त्यांची सवय नव्हती, निष्ठा होती. "जे आपल्या कामाचं नाही ते सोडून देणं, ही माणसाच्या दीनची, म्हणजे धर्माची, खूबी, असं आमच्या पैगंबरसाहेबांनी शिकवलंय," ते छपाईचे खिळे जुळवता जुळवता सांगत. "बाईचं वय, माणसाची कमाई, कुणाच्या घरी काय शिजलं, हे माझ्या कामाचं आहे का?" मी उसळून म्हणे, "चाचा, प्रश्न विचारल्याशिवाय समाज बदलत नाही!" त्यावर ते शांतपणे म्हणत, "मग सरकारला विचार की. सरकारची उमर विचार. बाईची कशाला?" मी पत्रकांचा गठ्ठा उचलून चालू लागे.

या निष्ठेपायी धंद्याची दैना व्हायची. एकानं सायकल मागितली, चाचांनी कुठं जाणार ते विचारलं नाही, आणि सायकल अक्कलकोटला जाऊन एक आख्खं लग्न जेवून परत आली. माळशिरसचा एक शेतकरी लग्नपत्रिका सांगून गेला आणि नवरीचं नाव सांगायचं विसरला. चाचांनी 'चि. सौ. कां.'च्या पुढं टिंबं टिंबं छापून गठ्ठा तयार ठेवला. "मालक, पोरीचं नाव कुटं हाय?" "तुम्ही सांगितलं नाहीत." "तुमी इचारलं न्हाई की!" "तौबा! दुसऱ्याच्या लेकीचं नाव मी कसं विचारू?" शेतकरी आधी तापला, मग गठ्ठ्याकडं बघून हसत सुटला. "लई झ्याक! आता मांडवात कुनाचंबी नाव लिवायला मोकळं!"

पण या सगळ्यात एक जीव अडकला होता. चाचांची धाकटी बहीण, आपा. उर्दू शाळेत शिकवायची, मनमोकळी, हसरी, आणि अजून बिनलग्नाची. स्थळं येत. पाहुणे सरबताचा घोट घेऊन विचारत, "लडकी की उमर क्या?" की चाचा उठत, पाहुण्यांच्या चपला अदबीनं सरळ करून ठेवत आणि म्हणत, "फिर तशरीफ लाना." बोळात लोक बोलत, "तुमच्या तहजीबपायी बहीण घरात म्हातारी होईल, मियाँ." आपा मला एकदा म्हणाली, "मला लग्न करायचंय गं. माझं घर हवंय. पण भाईजान विचारणार नाहीत आणि मी बोलणार नाही."

अशात एका संध्याकाळी गुलबर्ग्याचे एक सभ्य गृहस्थ बॅग घेऊन छापखान्यामागच्या चाचांच्या घराच्या दारात उभे राहिले. चाचा म्हणाले, "आइए." ते आत आले. चाचांनी नाव-गाव विचारलं नाही. पाहुणा त्यांच्याहून सवाई. त्यानं घर कुणाचं ते विचारलं नाही. चांगला आठवडाभर ते जेवले, हवापाण्यावर बोलले, आणि पडद्याआडून येणाऱ्या खिम्याची तारीफ करत राहिले. पडद्यामागं आपा तोंडात ओढणी कोंबून हसत असे. शेवटी निघताना पाहुणा म्हणाला, "आता चादरींचा भाव बोलू या?" तेव्हा उलगडा झाला. त्याला जायचं होतं शेजारच्या चादरवाल्यांकडे, आणि ते बिचारे रोज स्टेशनवर त्याला शोधून परतत होते!

महिन्याभरात त्याच पाहुण्यासाठी आपाला मागणी घालायला त्याची फुफी, म्हणजे आत्या, आली. माणूस विधुर, सालस. आपानं पडद्याआडून त्याला पुरतं पारखलेलं. मी आत आपाजवळ बसले होते. फुफीनं पानाचा विडा गालात सारला आणि विचारलंच, "लडकी की उमर?"

चाचा उठले. चपलांकडं निघाले. आपानं हातातली बशी खाली ठेवली. आणि पुढच्या क्षणी पडदा बाजूला सारून ती बाहेर उभी! तिनं आपलं वय खणखणीत आवाजात सांगितलं आणि वर विचारलं, "और आपकी, फुफीजान?"

तो आकडा मी इथं देणार नाही. त्या छापखान्यात ऊठबस केलेल्या माणसाला ते शोभणार नाही. चाचा भिंतीला टेकले. बहिणीनं वय सांगितलं याचा धक्का नव्हता, तिनं वय विचारलं याचा होता. फुफी मात्र विडा सांभाळत गदागदा हसली. "मेरी उमर मेरेकूच कां मालूम है गे मा! चल, तारीख पक्की कर!"

आपा गुलबर्ग्याला गेली. चाचांचं घर शांत झालं. ईदेला ती पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा चाचा दिवसभर तिच्याभोवती घुटमळत होते. शीरखुर्मा वाढायचे, तिच्या चेहऱ्याकडं बघायचे, तोंड उघडायचे आणि म्हणायचे, "आणखी घे." तिचा टांगा स्टेशनकडं वळला तशी ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"बेटा, तू तर सगळ्यांना सगळं विचारतेस."

"हो, चाचा."

"तिला काही विचारलंस?"

"विचारलं."

काय म्हणाली, ते त्यांनी विचारलं नाही.

मी आपणहून सांगितलं, "सुखात आहे म्हणाली. फक्त तिकडं सगळे दिवसभर काही ना काही विचारतात. तेव्हा तुमची आठवण येते म्हणाली."

चाचांनी मान हलवली. मग छापखान्यात जाऊन, सणाच्या दिवशी, नव्या कपड्यांनिशी, छपाईचं बंद मशीन पुसत बसले. मी काही विचारलं नाही.