घरजावयाचं झुंबर

आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, गोंदियाजवळच्या गोरेगावात आमच्या घरी पहिली सात वर्षं काढली, पण भिंतीत कधी एक खिळा ठोकला नाही. सदरा दाराच्या कोपऱ्यावर, टोपी खिडकीच्या गजावर, आणि छत्री नुसती भिंतीला टेकवलेली. ती हटकून घसरून पडायची. ताई वैतागून म्हणायची, "एक खुंटी ठोकली तं घर पडते का जी?" भाऊजी गालात हसत. "पाहुन्यानं खिळा ठोकू नये वो. ठोकला की मंग तो पाहुना राहत नाही."

ते घरजावई होते. बाबूजींना, म्हणजे आमच्या वडिलांना, आम्ही दोघी मुलीच. धानाचा मोठा व्यापार, गावाबाहेर शेती, आणि पुढं पाहायला कोणी नाही. मग त्यांनी केशोरी गावाकडचा एक गरीब घरचा, शिकलेला मुलगा हेरला आणि ताईला सासरी पाठवण्याऐवजी त्यालाच आमच्याकडे आणून ठेवलं. लग्नाआधी भाऊजी शाळेत चित्रकला शिकवत. आमच्याकडे आल्यावर ते धानाच्या पोत्यांवर बाबूजींचं नाव रंगवू लागले. अक्षर असं देखणं की गोंदियाच्या बाजारात आमचं पोतं लांबून ओळखू येई. बाबूजी हे चारचौघांत कौतुकानं सांगत आणि मला ते ऐकून संताप येई.

बाबूजी दुष्ट नव्हते, हे आधीच सांगून टाकते. दुष्ट असते तर सोपं झालं असतं. ताटात पहिलं तूप जावयाला, दिवाळीला पहिलं कापड जावयाला. पण ते कापड कोणत्या रंगाचं, केस कधी कापायचे, केशोरीला आईला भेटायला कधी जायचं आणि कधी परतायचं, हे सगळं बाबूजी ठरवत. वर आपुलकीनं विचारत, "जावईबापू, काही कमी आहे का?" भाऊजी मान हलवत. कमी काय आहे हे त्यांना सांगता आलं असतं असं मला वाटत नाही.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली त्याच्या पुढच्या वर्षी बाबूजींनी नवी बैठक बांधली. सागाचे खांब, पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या भिंती, वर फळ्यांचं बुटकं छत, खाली गाद्या आणि लोड. आता त्यांना तिथं झुंबर हवं होतं. उमेदीच्या काळात मालगुजारांच्या बैठकीत त्यांना दाराशी उभं राहावं लागे, आणि तिथून ते छताची झुंबरं पाहत. आता त्याच घरांचं सामान गोंदियात विकायला येत होतं. बाबूजींचा जीव त्यात अडकला होता.

नेमक्या त्याच उन्हाळ्यात भाऊजींना गोंदियाच्या एका शाळेनं चित्रकलेच्या मास्तराची जागा देऊ केली. जूनमध्ये रुजू व्हायचं होतं. ताई तर हवेत होती. तिनं कोणाकरवी शाळेजवळची एक खोलीसुद्धा पाहून ठेवली. बाबूजींना सांगायचं तेवढं राहिलं होतं, आणि तेच भाऊजींच्या तोंडून निघेना. रोज जेवायला बसताना ठरवत, रोज हात धुऊन उठत.

अशात एक दिवस जेवताना बाबूजीच म्हणाले, "जावईबापू, झुंबर तुमीच निवडा. मले त्यातलं काय समजते? तुमी चित्रं काढनारे. अन् पुढं हे घर तुमालेच पाहाचं आहे."

भाऊजींचा घास हातातच राहिला. चुलीपाशी ताईनं कपाळाला हात लावला. बाबूजी घरात कोणाला एक लोटा निवडू देत नसत. झुंबर निवडायला सांगणं म्हणजे घर गळ्यात बांधणं, हे आम्हा तिघांनाही कळलं.

बाबूजी उठून गेल्यावर ताईनं तोड काढली. "हे पाहा जी, दुकानात सगळ्यात वाईट असन ते घ्या. भलं मोठं, भडक, लोकं हासतीन असं. बाबूजी म्हनतीन, याच्या हाती काही देन्यात अर्थ नाही. मंग आपुन शाळेचं सांगू. ते खुशीनं सोडतीन."

मी म्हटलं, "पन अगदीच वाईट पायजे, भाऊजी. थोडं वाईट नाही चालनार."

भाऊजी खळखळून हसले. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाले, "वाईटच घेतो. पक्कं."

मला साडी घ्यायची होती म्हणून मीही बाबूजी आणि भाऊजींसोबत गोंदियाला गेले. जुन्या सामानाच्या त्या दुकानात शिरल्याबरोबर आम्हाला हवं होतं ते समोरच लटकत होतं. लाल, हिरव्या, निळ्या काचांचे घोस, आणि मधोमध पिसारा फुलवलेला पत्र्याचा मोर. दुकानदार बाबूजींना म्हणाला, "सेठजी, ऐसा माल फिर नहीं मिलेगा. बड़े लोगों के घर का है." बाबूजी मोराकडे मोठ्या श्रद्धेनं पाहत होते. मी भाऊजींना कोपरानं ढोसलं.

भाऊजी म्हणाले, "हे…" आणि थांबले. त्यांची नजर मागच्या कोपऱ्यात गेली होती. तिथं एक साधं पितळी झुंबर धूळ खात पडलं होतं. चार हात, दिव्यांच्या चार चिमण्या, वर दुधी काचेच्या टोप्या. भाऊजी त्याच्यापाशी जाऊन बसले. धोतराच्या सोग्यानं पितळेची एक बोटभर जागा त्यांनी पुसली, आणि माणूस जाळ्यात कसा सापडतो ते मी डोळ्यांनी पाहिलं.

"बाबूजी, आपली बैठक बुटकी आहे," ते बोलू लागले. "ते मोराचं लावलं तं उभ्या मानसाच्या कपाळाले लागन. त्याले उंच छत पायजे. आपल्याकडं लोकं खाली गादीवर बसते, उजेड त्यायच्या तोंडावर उतरला पायजे, डोळ्यात नाही. भिंती पांढऱ्या आहेत, त्याच अर्धा उजेड देतीन, म्हनून चार दिवे भरपूर झाले. अन् सागाच्या खांबाजवळ पितळ शोभते. रंगीत काच तिथं भांडत बसन."

सात वर्षांत ते एका दमात इतकं बोलले नव्हते. मी त्यांची बाही ओढत होते, त्यांना पत्ताच नव्हता. बाबूजी मोराला विसरून जावयाच्या तोंडाकडे पाहत राहिले.

झुंबर तणसात, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, गुंडाळून बैलबंडीनं घरी आलं. तुळईत लोखंडी आकडा भाऊजींनी स्वतः बसवला. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. संध्याकाळी चारही दिवे लागले आणि ती नवी, कोरी, परकी वाटणारी बैठक एकदम नांदती झाली. ताई दारात उभी होती. "किती चांगलं दिसते जी," ती म्हणाली, आणि लगेच पदर तोंडाला लावून, "मेलो आपुन."

तसंच झालं. बाबूजींनी गावातल्या चार प्रतिष्ठितांना बोलावलं, झुंबराखाली बसवलं आणि सगळ्यांसमोर तिजोरीची किल्ली जावयाच्या हाती दिली. जून आला नि गेला. शाळेनं दुसरा मास्तर नेमला.

मी भाऊजींशी भांडले. "काऊन नाही घेतलं ते मोराचं? सुटले असते ना तुमी!"

ते म्हणाले, "घेनारच होतो, सुमे. पन त्या बैठकीनं कोनाचं काय वाकडं केलं होतं?"

या माणसावर चिडावं की याच्या पाया पडावं, मला कळेना.

दोन-तीन वर्षांनी मला पाहायला भंडाऱ्याहून मुलगा आला. कचेरीत कारकून, सोबत मामा. बाबूजींनी त्यांना बैठकीत बसवलं, चहा झाला, आणि मग मनातलं काढलं. मुलानं नोकरी सोडून इथंच राहावं. एक जावई व्यापार पाहतो, दुसऱ्यानं शेती पाहावी. मामाचे डोळे खांबांवरून, लोडांवरून फिरून आले; त्याला पसंत दिसत होतं. मुलगा चुळबुळत होता. मी पानाचं तबक घेऊन उभी होते. मला या घरातून जायचं होतं. या मुलाची छत्रीही उद्या इथल्या भिंतीला टेकलेली मला दिसत होती.

"आमच्या जावईबापूलेच विचारा," बाबूजी आनंदानं म्हणाले. "सांगा जी, काही कमी आहे का इथं?"

सगळे भाऊजींकडे पाहू लागले. त्यांनी मांडी सरळ केली.

"काहीच कमी नाही," ते मुलाला म्हणाले. "ताटात तूप आहे, अंगावर धड कपडा आहे. सासरे म्हनाल तं देवमानूस. म्हनूनच सांगतो भाऊ, राहू नका. पोरीले घेऊन जा."

मामानं पान उचललं आणि तसंच हातात धरलं. मुलानं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी नोकरी सोडणार नाही."

पाहुणे गेल्यावर बाबूजी एवढंच म्हणाले, "काऊन जी, मी तुमाले काय कमी केलं?" त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. माझं लग्न त्याच मुलाशी झालं आणि मी भंडाऱ्याला आले.

पुढं बाबूजी वारले. वर्षश्राद्ध झाल्यावर भाऊजी शेताच्या कामासाठी भंडाऱ्याला आले आणि आमच्या दोन खोल्यांत सतरंजीवर बसून चहा प्यायले. कानावरचे केस पांढरे झाले होते. मी न राहवून म्हटलं, "आता तं मोकळे झाले ना, भाऊजी? ताईले घेऊन निघा. अजून काही वेळ गेली नाही."

"तुयी बहीनही तेच म्हनते," ते म्हणाले. बशी त्यांनी हळूच खाली ठेवली. "पन मले 'जा' म्हनू शकनारा एकच मानूस होता, सुमे. तो तं न म्हनताच गेला."

माझा नवरा उठला आणि त्यांच्या शेजारी, त्यांच्याच सतरंजीवर जाऊन बसला.