तर्रीची पन्नी

"मॅडमचं पार्सल बांधून दे ना भाऊ, बस येऊन राहिली," बाकावरचा एक जण माझ्याकडे बघत टपरीवाल्या काकांना म्हणाला.

आंधळगावच्या थांब्यासमोरच्या या टपरीत बायका बसत नाहीत, पार्सल नेतात. नोकरीच्या पहिल्या दिवशी मीही घाबरून पार्सलच मागितलं. तेव्हापासून मी दिसले की काका पोहे कागदात बांधतात, वरचा तिखट रस्सा, म्हणजे तर्री, प्लास्टिकच्या पन्नीत. ते कोणालाच काही विचारत नाहीत. चहात साखर किती, तिखट किती, सगळं त्यांनीच ठरवलेलं. बसमध्ये पन्नी सोडता येत नाही, म्हणून मी तर्री थांब्यामागे टाकते आणि कोरडे पोहे गिळते. कोणी पाहत नसेल असं मला वाटायचं.

आज काकांनी कागद घेतलाच नाही.

"थांब्यामागं रोज तर्रीची पन्नी पडून राहते ना बापा. मॅडमले इचारू त दे," काका म्हणाले.

"बाया कुठं बसतात इथं?" तो माणूस हसला.

"मंग तू ऊठ ना बापा."

तो खरंच उठला. काकांनी बाक पुसला आणि प्लेट हातात धरून माझ्याकडे पाहत राहिले. समोर बस उभी होती.

"काका, इथेच बसून खाते," मी म्हणाले. "तर्री जास्त टाका."