गुटख्याच्या मागावर जाधव साहेबांचं पथक

आमच्या पथकात माल कमी आणि किस्से जास्त जप्त होतात! माल निदान पंचनाम्यानंतर जाळून टाकता येतो. किस्से मात्र साचतच जातात. राज्यात गुटख्याला बंदी आहे, म्हणजे टपरीवाला तो पुढं टांगत नाही, मागं ठेवतो. मागचा माल पुढं आणणं हे आमचं काम. पथक म्हणजे जाधव साहेब, पंचनामा लिहिणारा मी आणि ड्रायव्हर गंगाधरराव.

यंदा साहेबांना वरून तंबी आली. नुसते टपरीवाले धरू नका, माल येतो कुठून ते शोधा, नाहीतर बदली! साहेबांची लेक लातूरला बारावीत. क्लासेस अर्धवट सोडून तिला कुठं नेणार? साहेबांचं जेवणातलं लक्ष उडालं. मला खरंच वाईट वाटायचं.

*

हदगावच्या टपरीवाल्याला विचारलं, "माल कुठला?"

"नांदेडचा, साहेब."

नांदेडवाल्यानं अहमदपूरकडं बोट दाखवलं. अहमदपूरवाल्यानं देगलूरकडं. देगलूरचा पानवाला म्हणाला, "आमच्याकडं कुठला आलाय? हदगावहून येतंय की सगळं!"

"तपासाचे एक वर्तुळ पूर्ण झाले आहे," असं साहेबांनी वर कळवलं. वरून अभिनंदन आलं!

*

मग बनावट सिगारेट ओळखायचं ट्रेनिंग झालं. पाकिटावरचा कोड मोबाईलनं स्कॅन केला की माल कुठं बनला ते दिसणार. किनवटच्या बाजारात साहेबांनी अस्सल पाकीट स्कॅन केलं. मोबाईलवर नुसतं चक्र फिरत बसलं. बनावट धरलं तर लगेच झळकलं, "अभिनंदन! आपण अस्सल माल घेतला आहे."

दुकानदार अभिमानानं म्हणाला, "नकली मालाची सर्विस लई चांगली हाय, साहेब!"

*

अहमदपूरची धाड तर इतकी गुप्त होती की मलासुद्धा गाडीत बसल्यावर कळली. पोचलो तर दुकानाला कुलूप. शेजारच्या हॉटेलवाल्यानं बाकडं पुसून दिलं.

"या साहेब! लई येळ लावला. मी कवाच च्या ठिवून वाट बघून राहिलो!"

*

उदगीरला मात्र पोतं सापडलं. पंच म्हणून एक रिटायर्ड गुरुजी आणले. सही करा म्हटलं तर गुरुजी तत्त्वाचे निघाले.

"खात्री केल्याबिगर मी सही करत न्हाई."

पुडी फोडून तोंडात टाकली, डोळे मिटले. म्हणाले, "एकीवर काय कळतंय? दुसरी द्या!"

त्यांची खात्री पटेपर्यंत मला "मुद्देमाल" खोडून "उरलेला मुद्देमाल" लिहावं लागलं.

*

शेवटी साहेबांनी डोकं चालवलं. देगलूरजवळ गुटख्याचा एक टेम्पो धरला, एका पोत्यात लपवून ट्रॅकर टाकला आणि टेम्पो सोडून दिला. पोतं जाईल तिथं गोदाम! ट्रॅकरचं फक्त साहेबांना आणि मला माहीत.

मोबाईलवर टिपका पळत होता. आम्ही मागं. नरसीच्या ढाब्यावर तो थांबला. गंगाधरराव म्हणाले, "तुमी टेम्पो बघा, मी गाडीत पाणी टाकतो." आम्ही धावलो. टेम्पो रिकामा!

परत येऊन गाडीत बसलो. गाडी निघाली आणि टिपकाही निघाला.

"गंगाधरराव, दाबा!" साहेब ओरडले. गाडीनं वेग घेतला. टिपक्यानंही घेतला. पुढं रस्ता मोकळा, मागंही कुणी नाही. साहेबांनी गाडी थांबवायला सांगितली.

टिपका थांबला.

साहेबांनी सावकाश वळून मागच्या सीटमागं टाकलेल्या, पोत्याएवढ्या फुगलेल्या ताडपत्रीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. पंचनामा काय लिहू, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही. साहेबांनी लेकीला फोन लावला.

"बाळा, पुस्तकं बांधायला घे. बदली होणार."

गंगाधररावांना फार वाईट वाटलं. मागं वळून म्हणाले,

"साहेब, सामानाचं टेन्शन घेऊ नगा. आपल्याच गाडीत नेऊ. हिला वाटंत कुणी आडवत न्हाई!"