आप्पांची स्कूटर आणि धुक्यातली मॅच

ऑगस्टमधला बेळगावचा पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो. छत्री या बाजूला धरली की तो त्या बाजूने आत शिरतो. तरी कॅम्पातल्या मैदानावर फुटबॉलची मॅच असली की माणसं जातातच. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, पायाखाली चिखल, हातातल्या चहात निम्मं पावसाचं पाणी, अशा थाटात उभी राहतात. हे सगळं कशासाठी, असं मला दरवर्षी वाटतं आणि दरवर्षी मी जातो, कारण माझे वडील, आप्पा, जातात आणि त्यांना एकट्याला सोडवत नाही.

गेल्या पावसाळ्यात मात्र मला तिथं वेगळंच काम होतं. निपाणीला दिलेल्या आक्काचा फोन आला होता. मागच्या खेपेला माहेरी आली तेव्हा तिने बघितलं, की आप्पा दारामागे टांगलेल्या रेनकोटला ‘या, बसा’ म्हणाले. तिने विचारलं तर आप्पा हसले, गंमत केली म्हणाले. आता आप्पा आयुष्यभर अशाच गमती करत आलेत, ही खरी पंचाईत. आक्काचं म्हणणं, ही गंमत नव्हे, त्यांना दिसत नाही. स्कूटरची किल्ली काढून घे, नाहीतर कुणाच्या तरी अंगावर घालतील किंवा स्वतः पडतील.

सांगणं सोपं होतं. आप्पा रोज संध्याकाळी त्या स्कूटरवरून कॅम्पात जातात, मैदानाच्या कट्ट्यावर जुन्या सोबत्यांत बसतात, अंधार पडायच्या आत परत येतात. किल्ली काढून घेतली की राहिलं काय, पुढच्या खोलीतली खुर्ची. डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणत, तो चष्मे विकायला बसलाय. पुराव्याशिवाय किल्ली मागायला माझी जीभ रेटेना. मी शाळामास्तर आहे, परीक्षा घेणं तेवढं मला जमतं. म्हणून ठरवलं, मॅचला न्यायचं आणि लांबच्या खेळाडूच्या पाठीवरचा आकडा विचारायचा. सांगितला तर किल्ली त्यांची, नाही तर माझी.

जाताना गाडी मी चालवतो म्हटलं. आप्पांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मला मागे बसवलं. वाटेतले जुने खड्डे त्यांनी एकूण एक चुकवले. नवा एकही चुकवला नाही. माझी कंबर मोडली, पण यातून निकाल काय काढायचा हे काही कळलं नाही.

मैदानावर पोचलो तर मैदानच नव्हतं. ढग खाली उतरून बसले होते. जवळची रेषा दिसत होती, त्यापलीकडे सगळं पांढरं. एका बाजूला आमच्या गल्लीचा संघ, दुसऱ्या बाजूला कॅम्पाचा, पण दोन्हींचे शर्ट चिखलाने एकाच रंगाचे झालेले. धुक्यातून कुणीतरी धावत येई, तो आपला की त्यांचा हे ठरेपर्यंत परत धुक्यात जाई. माईकवर सांगणारा माणूस माईक भिजल्यावर गप्प झाला होता. गोल झाला की वाजवायला पोरांनी हलगी आणली होती, तिचं कातडं ओलं होऊन ढिलं पडलं होतं. कितीही बडवली तरी आवाज म्हणून निघेना.

थोड्या वेळाने लांबच्या गोलकडे आरडाओरडा झाला. आमच्याकडे निम्मे लोक नाचले, निम्म्यांनी कपाळावर हात मारला. कोण बरोबर हे नाचणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. शेजारचे गृहस्थ मला कन्नडमध्ये विचारू लागले, गोल आयतेन्री, म्हणजे झाला का गोल? मी काय सांगणार?

“न्हाय गेला,” आप्पा शांतपणे म्हणाले. “खांबाला लागला.”

पलीकडून बातमी फिरत फिरत आली, ती तीच होती. पुढे आप्पांनी कॉर्नर सांगितला, हँडबॉल सांगितला आणि शेवटी सगळ्यांच्या आधी उठून गोल झाल्याचंही सांगितलं. आमचाच गोल होता. आजूबाजूची माणसं आता मैदानाकडे बघायचं सोडून आप्पांकडे बघू लागली. मला आनंद झाला. यांना तर माझ्यापेक्षा जास्त दिसतंय, आक्काला आजच फोन करतो, असं मनात आलं. आणि लगेच वाटलं, अरे, इथं कुणालाच काही दिसत नाहीये. मग यांना कसं दिसलं? हे नुसतं कानांनी चाललंय का? आणि कधीपासून?

मी घाईघाईने आकड्याचा प्रश्न विचारला.

“चिखलात नंबर दिसतोय व्हय कुणाला?” आप्पा म्हणाले.

तेही खरंच होतं. माझा पेपर पावसात भिजून गेला होता.

मॅच संपायला थोडा वेळ उरला आणि वारा फिरला. पाऊस थांबला, ढग उठून गेले, आणि आम्ही सगळ्यांनी डोळे चोळत बसावं इतकं लख्ख ऊन पडलं. लांबचा गोल दिसला, त्याचं फाटकं जाळं दिसलं, समोरच्या बाजूला आमच्यासारखीच भिजलेली माणसं दिसली. सगळ्यांनी छत्र्या मिटल्या. आप्पांनीही मिटली. कानटोपी काढली, ऊन लागलं तशी स्वेटरची बटणं सोडली.

तेवढ्यात बॉल रेषेबाहेर आला. त्या बाजूला आलेला बॉल आप्पांनीच परत मारायचा, हा तिथला रिवाज आहे. ते तरुणपणी याच मैदानावर खेळले आहेत, डावा पाय जबर होता म्हणतात. बॉल चिखलातून आवाज न करता घरंगळत आला आणि अगदी त्यांच्या डाव्या पायापाशी थांबला. आप्पा समोर बघत उभे राहिले. कट्ट्यावरचे त्यांचे सोबती वाट बघत होते. बॉल घ्यायला आलेला एक खेळाडू दोन पावलं पुढं आला, बॉलकडे बघितलं, आप्पांकडे बघितलं आणि हलकेच म्हणाला, “आजोबा, बॉल.”

आप्पांनी मान खाली केली. उजवीकडे बघितलं, मग डावीकडे. मला बघवेना. मी पुढं होऊन बॉल मारला, तो वेडावाकडा कुठंतरी गेला. कुणी हसलं नाही.

 आप्पांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या दिशेने धरली.

“धुकं लई हाय रं,” ते म्हणाले. “गाडी तूच चालव.”

त्यांच्या तोंडावर ऊन होतं. कपाळावर घाम आला होता. ऊन पडलंय हे त्या अंगाला कळत नव्हतं असं मी कसं म्हणू? की डोळ्यांपुढचं पांढरं गेलंच नव्हतं, म्हणून त्यांना अजून धुकंच वाटत होतं? की ही रेनकोटसारखीच एक गंमत, माझी सुटका करण्यासाठी केलेली? मी आजही याचा विचार करतो आणि आजही मला उलगडत नाही. त्या वेळी मी किल्ली घेतली आणि एवढंच म्हणालो, “व्हय आप्पा, लई हाय.”

स्कूटरचं सीट उन्हाने गरम झालं होतं. आप्पा मागे बसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“लाईट लाव,” ते म्हणाले.

मी लावली. घरापर्यंत समोरून येणारा जो तो हाताची बोटं उघडमीट करून मला खुणावत होता, लाईट चालू आहे म्हणून. मी प्रत्येकाला मान हलवून हो म्हणत राहिलो आणि गाडी सावकाश चालवत राहिलो. लाईट काही बंद केली नाही.